बिनमांडवाचं आवतण

आमच्या आगरी लग्नात भटजी उशिरा आला तर लोक चहा पितात. धवलारीण उशिरा आली तर सगळं घर दारात येऊन उभं राहतं. देवांना, गावदेवीला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाचं आवतण द्यायचं ते धवलारणीच्या धवल्यातून, म्हणजे गाण्यातून, आणि ते दिल्याशिवाय हळदीचं पान हलत नाही. माझी आई वेणू ही सोनिवलीची धवलारीण. बदलापूर, बेलवली, पार अंबरनाथच्या गावांपर्यंत तिला न्यायला रिक्षा यायच्या. दोन पिढ्यांची लग्नं तिच्या गळ्यातून पार पडली, आणि दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तोच गळा कापला.

मशेरीनं घात केला. मी शाळेत होते तेव्हापासून बोंबलत होते, आये ती मशेरी सोड. सोडली तिनं. स्वरयंत्र काढल्यावर सोडली. आता गळ्याला भोक आहे, त्यावर ती पातळ रुमाल बांधते. कुणाला बोलवायचं असेल तर टाळी, काही विचारायचं असेल तर पंजा उघडायचा, नको असेल तर पंजा हलवायचा, आणि फारच राग आला तर ताट आपटायचं. लिहायला ती कधी शिकलीच नाही, त्यामुळे तिच्या मनातलं आम्ही अंदाजानंच काढतो. निम्मे अंदाज चुकतात आणि मग ताट आपटतं.

यंदा राजसीचं लग्न ठरलं. राजसी ही धर्मेशची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. ती बालवाडीत असताना बारवीच्या रस्त्यावर एका ट्रकनं धर्मेशच्या मोटरसायकलला उडवलं आणि तो जागच्या जागी गेला. भावजय वर्षभर राहिली, मग माहेरी गेली, पुढे तिचं दुसरं लग्न झालं. त्यात तिचं काही चुकलं असं मी कुणाला म्हणू दिलेलं नाही. पोरीला आईनं वाढवलं, सोनिवलीच्या त्याच घरात, आणि बेलवलीहून माझ्या फेऱ्या चालू राहिल्या.

राजसीनं लग्नासाठी दागिन्यांचा हट्ट केला नाही, डीजेचा केला नाही. तिची एकच अट होती.

"आत्या, हळदीला आवतण आजीच्याच आवाजात पाहिजे. मला बाकी काहीही चालेल."

"अगं, आजीला आवाज कुठाय आता?"

"कुणाकडे तरी असेल ना. एवढी लग्नं केलीत तिने. शोध ना तू."

यूट्यूबवर धवले पाहिजे तेवढे पडलेत, पण ते तिला नको होते. तिचं बरोबरच होतं. ज्या आजीनं परक्यांच्या पोरी गाऊन गाऊन सासरी पाठवल्या, तिनं स्वतःच्या नातीच्या मांडवात मुक्यानं बसायचं? मला नुसत्या विचारानंच चीड यायची.

म्हणून मी शोधायला लागले. ओळखीच्या घरांतून लग्नाच्या कॅसेटी आणि सीड्या गोळा केल्या. सगळ्यांवर व्हिडिओवाल्यांनी सिनेमाची गाणी चिकटवलेली. माझी आई मांडवात बसून गातेय, आणि ऐकू काय येतंय तर कुठल्या तरी हिरोचं गाणं! तिचा आवाज औषधालाही मिळाला नाही. धर्मेशच्या लग्नाची सीडीसुद्धा पाहिली. तीही तशीच. तेव्हा लक्षात आलं की आमच्या घरात धर्मेशचे फोटो चिकार आहेत, पण आवाज एकही नाही. राजसीला बाप आठवतो तो भिंतीवरच्या तसबिरीतला, मिशीवाला, गप्प.

मग मला शलाका आठवली. ती आमच्या बेलवलीतलीच. कॉलेजात असताना तिनं धवलारणींवर एक प्रोजेक्ट केला होता आणि आईला भेटायला सोनिवलीला गेली होती. आता ती स्वतः कॉलेजात शिकवते. मी फोन केला, तर म्हणाली, "ताई, ते प्रेझेंटेशन आहे माझ्याकडे. त्यात आजींचं गाणं टाकलं होतं मी. पण मेलवर जात नाहीये, फार जड आहे. पेनड्राईव्हवर घेऊन येते."

मी आनंदानं सोनिवलीला जाऊन आईला सांगितलं. शलाकाचं नाव काढलं मात्र, आईनं पंजा हलवला. हलवतच राहिली. मी म्हटलं, आये, अगं राजसीसाठी आहे. तिनं ताट आपटलं आणि उठून मागच्या अंगणात गेली. मी अंदाज बांधला की आपला जुना आवाज ऐकायचं तिला भय वाटतंय. साहजिकच होतं. ऐकल्यावर निवळेल, असं मी राजसीला सांगितलं.

अजून एक गोष्ट होती, तिचाही अर्थ मी असाच परस्पर लावून टाकला होता. धर्मेश गेल्यावर आई वर्षभरानं पुन्हा लग्नांना जायला लागली. हळद दळायचे धवले, पाणी आणायचे धवले, सगळे गायची. पण आवतणाचा धवला आला की उठून बाजूला व्हायची आणि यजमानांना दुसरी बाई आणायला लावायची. लोक म्हणाले, वेणूबाय शेफारली. मी म्हटलं, पोटचा पोरगा गेलाय, गेलेल्या माणसांना हाका मारताना तिचा गळा दाटून येत असेल. इतकं सरळ होतं ते माझ्या लेखी.

शलाका माझ्या घरी आली, लॅपटॉपला पेनड्राईव्ह लावला आणि प्रेझेंटेशन उघडलं. पंधरा-वीस स्लाइडी होत्या. नकाशा, आगरी साडीचा फोटो, मग आईचा फोटो, आणि त्याच्याखाली कर्ण्याचं एक चिमुकलं चित्र. शलाकानं त्यावर क्लिक केलं.

*येजो येजो गावदेवी, माजे मांडवाचे दारी,*
*हलदीचा पाट मांडिला, दिवा लाविला घरी…*

आईचा आवाज. जाड, जरा चिरका, शेवटाला वर उचललेला. दोन वर्षांत मी तो विसरले नव्हते असं मला वाटत होतं, पण विसरले होते. शलाकासमोर मी हुंदके देऊन रडले आणि त्याची मला काही लाज वाटली नाही. मग गावदेवी झाली, डोंगरातला देव झाला, आणि आवाज बंद पडला.

"पुढे?" मी विचारलं.

"एवढंच आहे ताई. स्लाइडला चाळीस सेकंदच लागत होती म्हणून बाकीचं ट्रिम केलं होतं. मूळ रेकॉर्डिंग जुन्या फोनमध्ये होतं. तो फोन कधीच गेला." तिचं तोंड उतरलं. "सॉरी. तेव्हा कळलं नाही हो, काय हातात आहे ते."

चाळीस तर चाळीस, म्हणून मी पेनड्राईव्ह घेऊन उल्हासनगरला गेले. कॅम्प तीनमध्ये भूपेशचं साउंडचं दुकान आहे, खाली जीन्सचा कारखाना आणि वर हा. हळदीचा साउंड त्याचाच ठरला होता. शिलाईच्या मशिनींची घरघर जिन्यापर्यंत येते आणि भूपेश त्या घरघरीतही गाण्यातला बारीकसा खरखराट ओळखतो. त्यानं लॅपटॉपची वायर मिक्सरला जोडली, क्लिक केलं, ऐकलं.

"बस? इतनाही?"

"एवढंच आहे."

"दीदी, चालीस सेकंद में कौनसा भगवान आएगा? उठून चप्पल घालेपर्यंत गाना खतम." मग माझा चेहरा पाहून तो मवाळ झाला. "लूप मारू का? चार बार वापस वापस बजेगा."

"आवतण आहे ते, मोबाईलची रिंगटोन नाही."

"मग एक काम करा. ये स्लाइडमधून नको. फाइल के अंदर जो ओरिजिनल ऑडिओ डाला होगा, वो निकाल के लाव. मी साफ करून देतो."

मी अंबरनाथला एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात आहे. साहेबांची प्रेझेंटेशनं मीच बनवते, त्यामुळे मला एक गोष्ट कळत होती. साहेब मशिनींचे शंभर फोटो कोंबतात तरी फाइल मेलवर जाते. शलाकाच्या फाइलीत पंधरा-वीस स्लाइडी आणि चाळीस सेकंदांचं गाणं, तरी ती एवढी जड? पोटात काहीतरी असल्याशिवाय वजन वाढत नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेल्यावर मी इंटरनेटवर वाचत बसले. उपाय निघाला तो इतका साधा की हसूच आलं. फाइलीची आधी एक कॉपी करायची. तिच्या नावाच्या शेवटी पीपीटीएक्स असतं, ते खोडून तिथे झिप लिहायचं. कॉम्प्युटर एकदा कुरकुरतो, त्याला हो म्हणायचं. मग ती फाइल डब्यासारखी उघडते. आत फोल्डर असतात, त्यातल्या पीपीटी नावाच्या फोल्डरात मीडिया नावाचं फोल्डर, आणि त्यात टाकलेले सगळे फोटो आणि आवाज जसेच्या तसे.

आवाजाची फाइल एकच होती. ती चाळीस सेकंदांची नव्हती. चांगली दहा-बारा मिनिटांची होती.

म्हणजे शलाकानं कापलं असं तिला वाटलं होतं, पण कापलं गेलं नव्हतं. कुठून कुठपर्यंत वाजवायचं एवढंच त्या स्लाइडीला सांगितलेलं असतं, बाकीचं मागे दडून राहतं. साडीच्या निऱ्या आत खोचल्या म्हणून कापड कमी होत नाही, तसं. मी देवाला हात जोडले, कानात इअरफोन घातले आणि पहिल्यापासून लावलं.

आधी कोंबड्याचा आवाज. मग भांडी. मग कोवळ्या आवाजातली शलाका: "आजी, ते आवतणाचं गाणं म्हणा ना. तेच पाहिजे मला प्रोजेक्टला."

आणि माझी आई, बोलणारी: "तो नको बाय. दुसरा कंचा पन सांग. मांडव नसला का आवतन देत नाय."

"का?"

"आवतन दिलं का येनारे येतान. मांडव नाय, हलद नाय, कुनाचं लगीन नाय, मंग येवून ते काय करतील? रिकाम्या हातानं कसे जातील?"

"आजी, फक्त प्रोजेक्टसाठी. मार्क आहेत त्याला. प्लीज."

आई हसली. तिला कुणी लाडानं मागितलं की नाही म्हणता यायचं नाही. "बरं बाय. तुज्यासाठी. देव पुढल्या दारानं येतान, गेलेली मानसा मागल्या दारानं. ह्या लिवून घे."

मग गाणं सुरू झालं. गावदेवी, डोंगरातला देव. स्लाइडीत होतं तेवढं संपलं आणि न ऐकलेलं सुरू झालं, आधी उल्हास नदी. मी जेवणाचा डबा उघडून तसाच बाजूला ठेवलेला होता. आई गेलेल्या माणसांवर आली:

*येजो येजो गेल्या मानसांनो, मागील दारी उभं ऱ्हावा,*
*नातीचे माथ्याव हलद, आशीरवाद देऊन जावा…*

"आये! गाडीची चावी कुठं हाय गो?"

मी इअरफोन काढून मागे वळून पाहिलं. ऑफिसात कुणी नव्हतं. आवाज इतका जवळून आला होता. धर्मेश. मागच्या दाराची ती ओळखीची करकर करत आत येऊन, चपला न काढता, घाईत. पंधरा वर्षांनी माझा भाऊ माझ्या कानात चावी विचारत होता.

मी पुन्हा इअरफोन घातले. आईनं गाणं थांबवलं नव्हतं. तिनं त्याच चालीत उत्तर ओवलं होतं, *चावी खुंटीला हाय रं, डोले उघडून तू पाह्य रं*, आणि शलाका खुदकन हसली होती, धर्मेशही हसला होता. मग फटफटीला किक बसल्याचा आवाज, तो लांब लांब जात नाहीसा झाला, आणि आईनं धवला पुढे नेऊन शेवटपर्यंत गायला. अगदी शेवटी ती हसत हसत म्हणाली, "दिलं बाय आवतन. आता कोन येल त्याला जेवाया वाढाया लागंल."

रेकॉर्डिंग संपलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले, कारण शलाका येऊन गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात धर्मेश गेला होता.

आता सगळे अंदाज कोसळले. पंजा का हलत होता, ताट का आपटलं, आवतण का सोडलं. आईनं मांडव नसताना गेलेल्या माणसांना बोलावलं होतं, ते आले तर घरात लगीन नव्हतं, आणि मागच्या दारातून नेमका तिचा पोरगा आत आला होता. ते रिकाम्या हातानं गेले नाहीत, त्यालाच घेऊन गेले, असं ती पंधरा वर्षं धरून बसली होती. बोलता येत होतं तेव्हाही कुणाला एका शब्दानं बोलली नाही. माझ्या आईचा मला इतका राग आला आणि इतकी दया आली की दोन्ही एकदम कुठं ठेवू हे कळेना.

रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन सोनिवलीला गेले. मनात ठरवलं होतं, आधी आईला एकटीला बाजूला घेईन, मग राजसीला जवळ बसवून नीट सांगेन की यात तुझ्या बापाचा आवाज आहे. पण लग्नघरात ठरवलेलं काय तडीस जातं? आई ओटीवर बसून लग्नाचे तांदूळ निवडत होती. मी पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात राजसीनं लॅपटॉप उघडलासुद्धा.

"आत्या, हीच ना फाइल? बापरे, केवढी मोठी मिळाली!"

मी धावत बाहेर आले. शलाकाचं आणि आईचं बोलणं तिनं पुढे ढकललं होतं आणि गाणं सुरू झालं होतं. आईचा आवाज ओटीवर भरून राहिला. राजसी दोन्ही हात तोंडावर ठेवून आजीकडे पाहत होती. आई सुपातल्या तांदळांकडे पाहत होती. तिची बोटं दाणे निवडत होती, पण खडे दाण्यांतच राहत होते. मला बंद करता आलं असतं. हात पुढे झालाच नाही. आईलाही तो आवाज पुन्हा ऐकायचा असेल, असं त्या क्षणी वाटून गेलं.

"आये! गाडीची चावी कुठं हाय गो?"

राजसीनं कपाळाला आठी घातली.

"ई, हा कोण मधेच? एवढ्या छान गाण्याची वाट लावली ह्याने. आत्या, भूपेशदादाला सांग ना, ह्याला कट करेल तो."

गाणं चालूच होतं. आईचे हात थांबले. तिनं राजसीकडे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. पोटच्या पोराचा आवाज त्याच्याच पोरीला ओळखता आला नाही, आणि सांगायला हिच्याकडे गळा नाही. तिचं तोंड उघडलं, मिटलं, गळ्यावरचा रुमाल आतबाहेर झाला. शेवटी तिनं माझ्याकडे बघून टाळी वाजवली. तू सांग.

"राजसी," मी म्हटलं, "तुझे बाबा आहेत ते."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं गाणं मागे नेलं आणि ती चावीची ओळ पुन्हा लावली. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक वेळी फटफटीचा आवाज विरेपर्यंत ऐकायची आणि मागे न्यायची.

"असा होता?" तिनं विचारलं.

"असाच."

"मला जाड वाटायचा. फोटोत मिशी आहे ना." तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ती पुसत नव्हती. "मी ओळखलं नाही, आत्या. मी म्हटलं, कट करा ह्याला."

"तुला कुठून ओळखू येणार? एवढीशी होतीस."

तेवढ्यात आईनं सूप बाजूला सारलं. लॅपटॉपकडे बोट केलं, मग स्वतःच्या गळ्याकडे, मग भिंतीवरच्या तसबिरीकडे, आणि स्वतःच्याच गालात मारून घ्यायला लागली. मी तिचे हात धरले.

"आजी काय म्हणतेय?" राजसी घाबरली.

"म्हणतेय, मांडव नसताना मी आवतण गायलं म्हणून तो गेला." आणि मग माझा आवाज चढला. "आये, ट्रकनं मेला तो! तुझ्या गाण्यानं नाही मेला! गाण्यानं माणसं मरायला लागली तर अर्धं बदलापूर तू मारलं असतंस!"

एरवी असल्या बोलण्याला ती हसली असती. त्या दिवशी तिनं पंजा हलवला, सावकाश, लहान मुलाची समजूत काढावी तसा. माझं म्हणणं तिला पटलं नाही. आजही पटलेलं नाही.

राजसी तिच्यासमोर जाऊन बसली आणि तिनं आजीचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले.

"आजी, आता मांडव आहे ना? माझा आहे. आता गायलेलं चालेल ना? आता कुणी आलं तर त्यांना जेवायलाही वाढता येईल."

आईनं तिचे हात दाबून धरले. मग तिनं मान हलवली. हो.

"पण बाबांचं त्यात नको, आत्या." राजसी माझ्याकडे वळली. "मला आजच भेटलेत ते. हळदीत डीजेच्या भोंग्यावर, चारशे माणसांत, लोक हसणार, व्हिडिओ काढणार. नाही सहन होणार मला. तेवढं वेगळं काढून मला दे. ते माझ्यापाशी राहू दे."

मला तिचं म्हणणं पटलं. तरी मी आईला विचारलं, "आये, चालेल का?" तिनं राजसीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा मान हलवली.

भूपेशनं सगळं ऐकून घेतलं. आवाजाची हिरवी नागमोडी रेघ पडद्यावर उभी केली, धर्मेशच्या ओळीपासून फटफटी विरेपर्यंतच्या तुकड्याला खूण केली आणि तो तुकडा आधी वेगळा काढून राजसीच्या फोनवर पाठवला. मग खुर्ची सोडून उठला.

"दीदी, यहाँ से कट का बटन आप दबाओ. मेरे से नहीं होगा."

मी बटण दाबलं. रेघेच्या दोन्ही कडा सरकून एकमेकींना चिकटल्या. आम्ही जोड ऐकला. आई श्वास घेते आणि पुढची ओळ उचलते, एवढंच ऐकू येत होतं.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी आईला आम्ही नवी साडी नेसवून मांडवात धवलारणीच्या पाटावर बसवलं. ती येईना, पण राजसीनं हाताला धरून बसवलं. भूपेशनं डीजे बंद केला आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. मग चार मोठ्या भोंग्यांतून माझ्या आईचा आवाज बाहेर पडला. म्हाताऱ्या बाया पदर डोळ्याला लावून ताल धरायला लागल्या. ज्यांच्या लग्नांत ती गायली होती त्या बायका, त्यांच्या पोरी, नवऱ्याकडची माणसं, सगळी तिच्याकडे बघत होती. राजसी हळदीनं माखलेली, ताठ मानेनं आजीशेजारी. आईची बोटं गुडघ्यावर ताल देत होती. दोन वर्षांत ती इतकी सुंदर दिसली नव्हती. मी मनात म्हटलं, झालं एकदाचं, पोरीचं मागणं पुरं झालं.

गावदेवी झाली. डोंगरातला देव झाला. उल्हास नदी झाली.

*येजो येजो गेल्या मानसांनो, मागील दारी उभं ऱ्हावा…*

आईची बोटं थांबली. ती पाटावरून अर्धवट उठली आणि वळून घराच्या मागच्या दाराकडे बघायला लागली. दार उघडं होतं. मागे आचाऱ्यांच्या शेगड्या दिसत होत्या. धवल्याची दुसरी ओळ संपली, श्वास आला, आणि गाणं पुढे गेलं. कुणाला काही कळलं नाही. आई दाराकडे बघतच होती. तिच्या एका बाजूला गाणं चालू होतं, लोक टाळ्यांवर ताल धरत होते, आणि ती मान उंच करकरून शेगड्यांच्या मागे, अंगणात, पार कुंपणापर्यंत शोधत होती.

मी जाऊन तिच्याजवळ बसले. तिनं माझा दंड धरला आणि दुसऱ्या हाताचा पंजा उघडून दाराकडे केला. या वेळी मला अंदाज करावा लागला नाही. आता मांडव होता, हळद होती, आवतण रीतीनं गेलं होतं. मग तो कुठाय, असं ती मला विचारत होती.

"नाही आला, आये," मी म्हटलं.